दवाखान्यात घरचंच माणूस दुभाषी म्हणून बसवावं का?

आडवळण

मी टेलिफोनवरून दुभाष्याचं काम करते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी. हेडफोन लावला की पलीकडे कधी तातडीचा विभाग असतो, कधी प्रसूतीची खोली, कधी नुसतं फिजिओथेरपीचं सत्र. गोपनीयतेचं बंधन असतं, त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते कुणा एका पेशंटचं नाही, रोज घडणारं आहे.

स्थलांतरितांच्या आरोग्यसेवेबद्दल बोलणं निघालं की गाडी थेट विमा, व्हिसा आणि कागदपत्रांवर जाते. त्या अडचणी खऱ्या आहेत. पण कार्ड खिशात असलेली, अपॉइंटमेंट मिळालेली, वेळेवर पोचलेली माणसंसुद्धा डॉक्टरांसमोर वीस मिनिटं बसून रिकाम्या हाताने परत जातात. कारण बोलणं होतं डॉक्टर आणि मुलात, किंवा डॉक्टर आणि सुनेत. पेशंट शेजारी बसून दोघांच्या तोंडाकडे बघत असतो.

बऱ्याचदा मला फोन लागतो तो असं बोलणं निम्म्यावर आल्यावर. डॉक्टर विचारतात, "छातीत दुखतं तेव्हा घाम येतो का? कळ हातात जाते का?" मुलगा आईकडे न बघताच उत्तर देतो, "नाही नाही, तिला गॅसेसचा त्रास आहे." मग मी तोच प्रश्न आईला विचारते आणि ती जिना चढताना काय होतं, रात्री उठून का बसावं लागतं, डावा खांदा कसा भरून येतो, सगळं सांगत सुटते. मुलगा म्हणतो, "हे तू मला कधी सांगितलंच नाहीस." बरोबर आहे, कसं सांगेल? त्याच्या नोकरीचा, कर्जाचा, सुट्टीचा हिशोब तिच्या डोक्यात असतो.

मुलगा वाईट नसतो. त्याला आईला घाबरवायचं नसतं, डॉक्टरांचा वेळ खायचा नसतो, आणि काही प्रश्न आईला विचारायची त्याला लाज वाटते. मासिक पाळी, लघवीवर ताबा न राहणं, नवरा मारतो का, जगणं नकोसं वाटतं का. हे प्रश्न पोटच्या पोराच्या तोंडून आईपर्यंत पोचतच नाहीत. पोचले तरी खरं उत्तर परत येत नाही.

बोस्टनमधल्या एका बालरोग बाह्यरुग्ण विभागात दुभाष्यांमार्फत झालेलं संभाषण ध्वनिमुद्रित करून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा भेटी होत्या. एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या, आणि त्यातल्या ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता. म्हणजे प्रशिक्षित दुभाषीही चुकतात, हे मी आधीच कबूल करते. पण त्याच संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासात शंभर किंवा त्याहून जास्त तास प्रशिक्षण घेतलेल्या दुभाष्यांच्या घातक ठरू शकणाऱ्या चुकांचं प्रमाण २ टक्क्यांवर आलं. आयत्या वेळी धरून आणलेल्या माणसाच्या बाबतीत ते २२ टक्के होतं. दुभाषीच नसताना २० टक्के. धरून आणलेला दुभाषी आणि दुभाषीच नसणं, दोन्ही जवळपास सारखंच.

माझं म्हणणं इतकंच, की घरच्यांनी सोबत जरूर जावं. हात धरायला, घरी गेल्यावर कोणती गोळी कधी ते आठवायला. बोलणं इकडून तिकडे नेण्याचं काम मात्र तिसऱ्या माणसाला द्यावं, आणि ते माणूस दवाखान्याकडून हक्काने मागून घ्यावं. इथल्या लोकांचे अनुभव काय आहेत?

सरळरेघ

धागा चांगला आहे, पण मुळावर कुणी बोट ठेवत नाही. परक्या देशात राहायला जायचं तर तिथली भाषा शिकावी. दहा दहा वर्षं राहून "मला बोलता येत नाही" हे कौतुकाने सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी दुभाष्याचं बिल करदात्यांनी का भरायचं? आणि दुभाषी सहज मिळाला की शिकायची गरजच संपते.

स्टेथो

सरळरेघ, भाषा शिकावी याच्याशी पूर्ण सहमत. पण वाणसामान आणायला, बस पकडायला पुरणारी भाषा आणि "पोटात दुखतं" म्हणजे नक्की मुरडा, जळजळ, ठणका की टोचणं हे सांगायची भाषा, यात फार अंतर आहे. मी परदेशात प्रॅक्टिस करतो. रोज तिथल्या भाषेत फाडफाड बोलणारे पेशंट तापात, वेदनेत, भूल उतरताना किंवा म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाल्यावर पहिल्या भाषेवर परत जातात. चाळीस वर्षं तिथे नोकरी केलेल्या माणसाचंही असं होतं. त्याला कुठल्या वर्गात पाठवायचं?

आता बिलाचं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदींवरचा अभ्यास आला होता. दाखल होताना ज्यांना प्रशिक्षित दुभाषी मिळाला नाही ते पेशंट, किंवा दाखल होताना आणि घरी सोडताना दोन्ही वेळी ज्यांना मिळाला नाही ते, पाऊण ते दीड दिवस जास्त राहिले. रुग्णालयातल्या एका खाटेचा दिवसाचा खर्च आणि दुभाष्याच्या अर्ध्या तासाचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा. शिवाय बोलणं कळलं नाही की डॉक्टर तपासण्या लिहून मोकळे होतात. मीही लिहितो. हकिगत मिळाली नाही तर स्कॅनवर भिस्त ठेवावी लागते.

उलटटपाली

मी आडवळण यांच्याशी असहमत. माझ्या आईला मी सोबत असले तरच तोंड उघडायला धीर येतो. फोनमधून अनोळखी आवाज आला की ती "ठीक आहे, बरं आहे" म्हणून गप्प होते. आणि दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. आम्ही राहतो तिथे आपली भाषा बोलणारी मोजकी घरं आहेत. रुग्णालयाने एकदा दुभाषी म्हणून ज्या बाई बोलावल्या त्या आमच्या ओळखीच्या निघाल्या. शपथ वगैरे ठीक, पण आईने त्या दिवशी अर्ध्या गोष्टी सांगितल्याच नाहीत. पुढच्या वेळी कार्यक्रमात समोरासमोर येणार ना त्या!

आडवळण

उलटटपाली, तुमचा दुसरा मुद्दा अगदी खरा आहे. छोट्या समाजात दुभाषी हा शेजारीही असतो. म्हणूनच अशा वेळी फोनवरचा दुभाषी मागावा, आणि "आमच्या शहरातला नको" असंही सांगावं. आम्ही नाव सांगत नाही, बहुतेक ठिकाणी फक्त ओळख क्रमांक सांगतो. स्त्री दुभाषी हवी, पुरुष हवा, हेही मागता येतं. दर वेळी मिळेलच असं नाही, पण मागणी नोंदवून ठेवतात.

पहिल्या मुद्द्याबद्दल. "ठीक आहे, बरं आहे" हे उत्तर बऱ्याचदा दुभाष्याला कसं वापरलं जातं त्यावरून येतं. डॉक्टर स्पीकरफोनशी बोलतात, "त्यांना विचारा की..." अशी सुरुवात करतात, पेशंटकडे बघतही नाहीत. मग पेशंट कशाला बोलेल? नीट पद्धत अशी: डॉक्टरांनी पेशंटच्या डोळ्यात बघून थेट त्यांना विचारायचं, वाक्यं छोटी ठेवायची, आणि मी "मला काल रात्रीपासून उलट्या होताहेत" असं पेशंटच्याच तोंडचं बोलायचं, "ते म्हणतात की" नाही. दोन मिनिटांत खोलीतल्या लोकांना माझा विसर पडतो. तुम्ही शेजारी असाच. फक्त आई बोलत असताना मध्ये उत्तर देऊ नका, एवढंच.

काठावर

आडवळण, तुमचं काम मोठं आहे, पण कार्डाचा प्रश्न तुम्ही एका वाक्यात उरकलात. मी जर्मनीत निर्वासितांसोबत स्वयंसेवक म्हणून जाते. तिथे १९९३ च्या कायद्यानुसार आश्रय मागणाऱ्याला सुरुवातीच्या काळात तीव्र आजार, वेदना, बाळंतपण आणि लसीकरण यांपुरतीच सेवा मिळते. हा सुरुवातीचा काळ आधी १८ महिन्यांचा होता, फेब्रुवारी २०२४ पासून ३६ महिन्यांचा झाला. तीन वर्षं! गुडघा झिजला, पण "तीव्र" नाही, मग थांबा. काही राज्यांत आरोग्यकार्ड मिळतं, काही ठिकाणी दर वेळी समाजकल्याण कचेरीतून उपचाराची चिठ्ठी आणावी लागते. ती चिठ्ठी देणारा कारकून असतो, डॉक्टर नव्हे. आणि ज्या दुभाष्याची तुम्ही बाजू मांडताय त्याचे पैसे तिथला सरकारी आरोग्य विमा सहसा देतच नाही.

ज्यांच्याकडे कागदच नाहीत त्यांची तर वेगळीच गोष्ट. नियमित उपचारासाठी समाजकल्याण कचेरीत गेलं की माहिती परदेशी नागरिक कार्यालयाला कळवण्याचं बंधन त्या कचेरीवर आहे. म्हणून लोक जातच नाहीत. काही शहरांत "निनावी उपचार-चिठ्ठी" देणाऱ्या योजना निघाल्या त्या यावर उपाय म्हणून.

बाकी देशही धुतल्या तांदळासारखे नाहीत. कॅनडाने २०१२ मध्ये निर्वासितांच्या आरोग्य योजनेला कात्री लावली. २०१४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ती वागणूक क्रूर ठरवली, आणि २०१६ मध्ये योजना पूर्ववत झाली. स्पेनने २०१२ मध्ये कागद नसलेल्यांची सेवा काढून घेतली, २०१८ मध्ये परत दिली. सरकार बदललं की इन्सुलिन बदलतं, असं आहे हे.

स्टेथो

+१. भीतीचा भाग फार मोठा आहे. इंग्लंडमध्ये पेशंटांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा करार २०१७ पासून लागू होता. टीका झाल्यावर २०१८ मध्ये त्याचा वापर बहुतांशी थांबवला. पण करार थांबला तशी भीती थांबत नाही. क्षयाचा पेशंट सहा महिने खोकत घरी बसतो, आणि मग आख्ख्या घराची तपासणी करावी लागते. वास्तविक क्षय आणि एचआयव्हीचे उपचार तिथे कुणालाही मोफत आहेत, कागद असोत नसोत. हे त्या माणसाच्या भाषेत त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणजे फिरून आडवळण यांच्याच मुद्द्यावर आलो.

पोस्टकार्ड

धागा वाचनखुणेत टाकला. माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. सासूबाई सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर इंग्लंडला आल्या आहेत. त्यांना रक्तदाब आहे, सोबतच्या गोळ्या संपत आल्यात. आम्ही व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरतो, मग त्यांनाही त्यातच सेवा मिळेल ना? आणि त्यांना इंग्रजी येत नाही.

स्टेथो

पोस्टकार्ड, नाही. तो अधिभार तुमच्या लांब मुदतीच्या व्हिसाचा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड. भेटीच्या व्हिसावर तो भरावा लागत नाही, त्यामुळे त्याचं संरक्षणही मिळत नाही. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तात्पुरती नोंदणी करता येते. जीपीची भेट मोफत असते आणि नोंदणीसाठी पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी त्या कारणावरून नाकारता येत नाही. तातडीच्या विभागातले उपचारही मोफत. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं, आणि इंग्लंडमध्ये ते ठरलेल्या दराच्या दीडपट असतं. म्हणून प्रवास विमा काढताना रक्तदाब आधीच असल्याचं लिहिलं होतं का ते आजच बघा. लिहिलं नसेल तर नेमक्या त्याच कारणावरून दावा फेटाळतात.

दुभाष्याचे पैसे पेशंटला लागत नाहीत. भेटीवर आलेल्या माणसालाही नाही.

बारकोड

मी रुग्णालयाच्या नोंदींच्या विभागात काम करतो. भाषेच्याही आधी माणूस जिथे हरवतो ती जागा सांगतो. नाव. काही समाजांत आडनाव आधी, काहींत आडनावच नाही, काही ठिकाणी बायका दोन्हीकडची आडनावं लावतात, स्पॅनिशभाषकांत दोन आडनावं असतात आणि कारकून शेवटचं तेवढं ठेवतो. दुसऱ्या लिपीतून येणाऱ्या नावाचं स्पेलिंग दर खिडकीवर निराळं. परिणामी एकाच बाईच्या तीन फाइली, आणि अ‍ॅलर्जीची नोंद नेमकी न उघडलेल्या फाइलीत.

जन्मतारीख तर विचारूच नका. ज्या देशांत जन्मनोंद होत नाही तिथून आलेल्या निर्वासितांना कागद करताना १ जानेवारी ही तारीख लावून देतात. काही विभागांत एका पानावर दहा पेशंट, सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी. नाव आणि जन्मतारीख जुळवून ओळख पटवायची आमची सगळी पद्धत तिथे कोलमडते. शिवाय कुठे महिना आधी लिहितात, कुठे दिवस.

सल्ला एकच. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे, अगदी चुकीचं असलं तरी. आणि जुन्या औषधांची यादी ब्रँडच्या नावाने आणू नका, औषधाच्या मूळ नावाने आणि मिलिग्रॅममध्ये लिहून आणा. ब्रँड देश बदलला की बदलतो.

खुंटी

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलमध्ये भाषांतराचं अ‍ॅप आहे. मी सगळीकडे तेच वापरतो.

आडवळण

वाट विचारायला, फॉर्मवर कुठे सही करायची ते विचारायला खुशाल वापरा. मीही वापरते. पण तातडीच्या विभागातून घरी सोडताना देतात त्या सूचना गूगल ट्रान्सलेटमधून काढून तपासल्याचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. एकूण साडेब्याऐंशी टक्के अचूक निघाल्या. स्पॅनिशमध्ये ९४ टक्के, आर्मेनियनमध्ये ५५. तेव्हापासून यंत्रं सुधारली आहेत, हे खरं. तरी ज्या भाषेत लिखाण जास्त तिथे ती चांगली चालतात, बाकीच्यांना नशिबावर सोडतात. आणि चूक झाली तर यंत्र थांबून "मला नीट कळलं नाही, परत सांगा" म्हणत नाही. माझ्या कामाचा निम्मा भाग तोच असतो.

निळीशाई

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे. इथे गुंता आणखी वाढतो. "उदास वाटतं का?" या प्रश्नाला नाही म्हणणारी बाई डोकं जड आहे, अंगाची आग होते, छातीवर दडपण आहे असं वर्षभर सांगत असते. रक्त तपासतात, थायरॉइड तपासतात, सगळं नॉर्मल. फाइलवर शेरा पडतो, "काही विशेष नाही". मन दुखतंय हे शरीराच्या भाषेत सांगणं जगभर चालतं, ते कुणा एका समाजाचं वैशिष्ट्य नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३ च्या पुस्तकात यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिली आहे. तुमच्या घरच्यांना तुम्ही या त्रासाबद्दल काय सांगाल, तुमच्या मते हे कशामुळे होतंय, याआधी कुणाकडे मदत मागितलीत, अशा धर्तीचे प्रश्न. चांगले आहेत. पण माझ्या अनुभवात मुलाखतीला पाऊण तास लागतो आणि पेशंटला मिळतात पंधरा मिनिटं, त्यातली पाच दुभाष्याचा फोन जोडण्यात. मी त्यातले तीनच विचारते, पण न चुकता विचारते.

एक तक्रार दुभाष्यांबद्दलही. भ्रमात असलेला पेशंट तुटक, असंबद्ध बोलतो तेव्हा काही दुभाषी ते गोळीबंद वाक्यात बसवून देतात. आम्हाला तो तुटकपणाच ऐकायचा असतो!

आडवळण

निळीशाई, मान्य. प्रशिक्षणात हे शिकवतात आणि तरी होतं, कारण वाक्य नीट करायची सवय जाता जात नाही. सत्राआधी दोन मिनिटं दुभाष्याला सांगा, "असंबद्ध बोलले तर तसंच सांगा, जुळवू नका." लगेच फरक पडतो.

स्टेथो

आता मला एक कुरकुर करायची आहे, आणि ती माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल आहे. "सांस्कृतिक जाणीव" म्हणून आम्हाला दुपारभर प्रशिक्षण देतात. एक पुस्तिका मिळते. अमुक समाजातले लोक दुखणं बोलून दाखवत नाहीत, तमुक समाजात निर्णय मोठा भाऊ घेतो. पुस्तिका वाचून डॉक्टर समोरच्या बाईला काही विचारतच नाहीत, कारण उत्तर आधीच छापलेलं असतं. तिच्या घरी निर्णय तीच घेत असेल तर?

१९७८ मध्ये आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी आठ साधे प्रश्न सुचवले होते. तुमच्या मते हे कशाने झालं? तेव्हाच का सुरू झालं? कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? कोणता उपचार मिळावा असं वाटतं? पुस्तिकेपेक्षा हे आठ प्रश्न भारी आहेत. एक म्हातारे गृहस्थ इन्सुलिनला ठाम नकार देत होते. पुस्तिकेप्रमाणे कारण "सुईची भीती" किंवा "श्रद्धा". विचारल्यावर कळलं, त्यांच्या ओळखीत इन्सुलिन सुरू झालं की पाय कापतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, फक्त क्रम उलटा होता: आजार हाताबाहेर गेल्यावरच तिथे इन्सुलिन मिळायचं, आणि तोवर पाय गेलेलाच असायचा. एवढं बोलून झाल्यावर त्याच भेटीत तयार झाले.

दुसरं म्हणजे संस्कृती म्हणजे फक्त चालीरीती नव्हेत. माणूस कुठे राहिला होता हे विचारायलाच हवं. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत उष्ण प्रदेशात ओल्या मातीतून, अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि दशकानुदशकं गुपचूप राहतो. पेशंट स्थलांतर करतो, म्हातारा होतो, दम्यासाठी कुणीतरी स्टेरॉइड देतं आणि तो जंत अंगभर पसरतो. जीव जाऊ शकतो. स्टेरॉइडआधी एक रक्ततपासणी आणि आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, एवढ्यात टळतं. पण आधी "तुमचं लहानपण कुठे गेलं?" हे कुणीतरी विचारायला हवं, आणि उत्तर कळायला हवं.

वजनाचंही तसंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ पर्यंत ठीक असं सगळीकडे भिंतीवर लावलेलं असतं. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह त्याआधीच गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ हा जादा टप्पा सुचवला. आणि बोटाला लावतात तो ऑक्सिजनचा चिमटा? गडद त्वचेवर तो जास्त आकडा दाखवू शकतो. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय पेशंटांमध्ये चिमट्याने न पकडलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळली. इथे दुभाषीही काही करू शकत नाही, यंत्रच एका रंगाची भाषा शिकलेलं.

सरळरेघ

स्टेथो, माहितीबद्दल आभार. खाटेच्या खर्चाचा मुद्दा मला पटला. पण एक गोष्ट तुम्ही सगळे टाळताय. पैसे मर्यादित आहेत. एखाद्या लहान गावातल्या दवाखान्याने चाळीस भाषांचे दुभाषी कुठून आणायचे?

आडवळण

कुणी आणायचेच नाहीत, म्हणून तर फोन. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून टेलिफोन दुभाषी सेवा आहे. आज १३१ ४५० हा एकच नंबर देशभर, चोवीस तास. खासगी डॉक्टरांनाही तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याखाली तपासताना ती मोफत वापरता येते. दूर कोपऱ्यातल्या गावातला डॉक्टर नंबर फिरवतो, भाषा सांगतो, दुभाषी दुसऱ्याच शहरातल्या आपल्या घरात बसलेला असतो. पैसे बोललेल्या मिनिटांचे, चाळीस पगार नाहीत.

अमेरिकेत मार्ग वेगळा, कायद्याचा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही, हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा भाग. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातलं कलम १५५७ त्याहून स्पष्ट आहे: त्याखालच्या नियमांनुसार दुभाषी पात्र हवा, पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत, सोबतच्या माणसावर ते काम ढकलायचं नाही, आणि जिवावरची तातडी सोडून लहान मुलांना दुभाषी करायचं नाही. २००० सालचा या विषयावरचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे "आता सगळं संपलं" अशी आवई उठली होती. हे दोन कायदे मात्र जागेवर आहेत.

आणि भाषा सांगताना नेमकी सांगा, हेही महत्त्वाचं. "कुर्दिश" म्हटलं तर सोरानी की कुर्मांजी, हे विचारलं पाहिजे. एकाची भाषा दुसऱ्याला कळेलच असं नाही. ग्वाटेमालाहून आलेल्या, माम किंवा किचे बोलणाऱ्या बायकांना सर्रास स्पॅनिश दुभाषी जोडून देतात, कारण देशाचं नाव बघून कारकून ठरवतो. त्या भिडेखातर मान डोलावतात आणि फाइलवर "समजावून सांगितलं" अशी नोंद होते. मी म्हणूनच डॉक्टरांना शेवटी सांगते, "कळलं का?" असं विचारू नका. "घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल ते मला सांगा" म्हणा. मान डोलावून त्याचं उत्तर देता येत नाही.

उलटटपाली

हे शेवटचं मी आईवर करून बघितलं, घरीच. सकाळची गोळी ती रात्री घेत होती आणि रात्रीची तिला माहीतच नव्हती. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे मीच दुभाषी होते. तरी तिला एकटीला फोनवरच्या आवाजाच्या हवाली करायला माझं मन अजून तयार नाही. सोबत बसेन, गप्प बसायचा प्रयत्न करेन.

काठावर

गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं :)

पोस्टकार्ड

स्टेथो, विम्याचा कागद बघितला, रक्तदाब लिहिलेला आहे, सुटलो. जीपीकडे नोंदणी झाली. पण मेसेज आलाय, "भेटीला येताना इंग्रजी बोलणारी व्यक्ती सोबत आणा." नवरा त्या दिवशी बाहेरगावी आहे, आणि सासूबाईंना माझ्यासमोर काही गोष्टी बोलायच्या नसाव्यात असा मला दाट संशय आहे. आता काय करू?

आडवळण

फोन करा. "सोबत कुणी आणणार नाही, मराठी दुभाषी हवा" एवढं सांगा आणि ते त्यांच्या नोंदीवर कायमचं लिहून घ्यायला सांगा, म्हणजे दर वेळी भांडावं लागत नाही. भेटीची वेळ दुप्पट मागा, दुभाषी असला की बोलणं दोनदा होतं. स्वागतकक्षातून नाही म्हणाले तर प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलायचंय म्हणा. आवाज चढवायची गरज पडत नाही, बहुतेक वेळा त्यांना नुसती आठवण करून द्यावी लागते. आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा.

पोस्टकार्ड

केला फोन. आधी विचारलं, "हिंदी चालेल का?" नाही म्हटलं. मग दोन मिनिटं होल्डवर ठेवून म्हणाल्या, मराठी दुभाषी फोनवर मिळेल, मंगळवारी सकाळी, वीस मिनिटांची भेट. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "ती बाई आपल्या ओळखीतली नाही ना?"